लिंबरीचा डावा हात

मिलिंद, रविवारी तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी खोटं बोलले. इथे मिशिगनमध्ये, ट्रॉयच्या त्याच कम्युनिटी हॉलमध्ये, जिथे आपण दर वर्षी जयंती करतो. मुलांनी मोबाइलमध्ये बघून त्रिशरण-पंचशील म्हटलं, तुझ्या फोटोपुढे फुलं वाहून झाली आणि मग एकेक जण बोलायला उठला. तीस वर्षांपासूनची मैत्रीण म्हणून मला शेवटी ठेवलं होतं. मी माईक हातात घेतला आणि म्हणाले, "सगळं इतकं अचानक झालं. कुणाला काही कल्पनाच नव्हती." समोर पहिल्या रांगेत तुझी रजनी पांढऱ्या साडीत बसली होती. तिने मान खाली घातली. मी आणखी दोन वाक्यं बोलले, जय भीम म्हटलं आणि जागेवर येऊन बसले.

मला कल्पना होती. सप्टेंबरपासून होती. मला ती आहे हे तुला नोव्हेंबरपासून माहीत होतं. आपण दोघांनी मिळून ते झाकून ठेवलं आणि आता तू गेलास, म्हणजे झाकण धरून बसायला मी एकटी उरले. येत्या शनिवारी रजनीला गाडीत घालून मला सिमेटरीत जायचं आहे. तिथे तिला सगळं सांगायचं ठरवलंय. त्यानंतर ती माझं तोंड बघेल का, मला माहीत नाही. तुमचं घर सोडलं तर या देशात मला दुसरं घर नाही, हे तुला सांगायला नको. म्हणून आधी तुझ्याशी बोलून घेते. एरवी तू मला एक वाक्य पुरं करू द्यायचा नाहीस. आता ऐक.

सुरुवात तुझ्या त्या लिंबरीपासून झाली. चार वर्षांपूर्वी तू डेट्रॉईटच्या बाजूला एका इस्टेट सेलला गेलास. माणूस मेला की त्याच्या घराची दारं सताड उघडायची आणि त्याच्या चमच्यांपासून कोटापर्यंत सगळ्यावर किमतीची चिठ्ठी लावायची, हा प्रकार मला कधीच पटला नाही. तुला मात्र त्याचं वेड. गेलास पान्यांचा सेट आणायला आणि घेऊन आलास फिल्मचा एक गंजका डबा. डबा उघडला तर आतली फिल्म सडलेली आणि घरभर व्हिनेगरचा वास. रजनीने किचनमधून विचारलं, "लोणचं नासलं की काय?" आणि तुझी रवानगी गॅरेजमध्ये झाली.

डब्यात कारखान्यातल्या कामगारांना दाखवायची जुनी फिल्म होती, मशीनवर काम करताना काळजी कशी घ्यावी या छापाची. त्यात एक म्हातारा कामगार मशीनमध्ये हात घालतो आणि कोसळतो. बस, एवढंच त्याचं काम. झाकणाच्या आतल्या बाजूला कुणीतरी पेन्सिलने नाव लिहून ठेवलं होतं, आर्थर लिंबरी. दुसरा कुणी असता तर डबा कचऱ्यात गेला असता. पण तू पडलास ब्रेकवाला. पंचवीस वर्षं गाड्यांचे ब्रेक मोडेपर्यंत चालवलेस आणि ते का मोडले याचे रिपोर्ट लिहिलेस. तुला प्रश्न पडला की हा माणूस इतकं चांगलं कोसळायला शिकला कुठे.

मग पुढची वर्षं आम्ही तुझ्या तोंडून लिंबरी ऐकला. वरणावर लिंबू पिळतानासुद्धा तुला तो आठवायचा. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका गावात जन्मलेला, बाप दोरखंड विकायचा. तिथे समुद्रात बांधलेल्या लांबलचक धक्क्यावर उन्हाळ्यात करमणुकीचे खेळ चालायचे, त्यांत हा सगळ्या कपड्यांनिशी पाण्यात पडून दाखवायचा. दिवसातून दोनदा. सिनेमा तेव्हा नुकता जन्मला होता, त्याला वाचा फुटायला अजून बराच अवकाश होता. त्या गावातला एक फोटोग्राफर ऊन असेल तेवढा वेळ घरामागच्या बागेत सहा-सात मिनिटांच्या फिल्मा काढायचा. त्याला पडणारा माणूस हवाच होता. लिंबरी शिडीवरून पडला, तळ्यात पडला, घोडागाडीतून पडला. पुढे पोलीस झाला, बटलर झाला, बुडालेला कोळी झाला. नायक कधी झाला नाही. त्या काळी नटांची नावं पडद्यावर देतच नसत, आणि जेव्हा द्यायला लागले तेव्हा हा नाव देण्याजोगा राहिला नव्हता.

पहिल्या महायुद्धानंतर तिकडचं काम आटलं. बायको वारली. मेहुणा डेट्रॉईटला मोटारींच्या कारखान्यात होता, त्याच्या भरवशावर हा बोटीत बसला. हॉलिवूडला जाणारे लोक वेगळे. हा आला मिशिगनला, आपल्यासारखाच, ओळखीच्या माणसाच्या मागे. कारखान्यांसाठी फिल्मा काढणाऱ्या एका कंपनीने त्याला अपघात होणाऱ्या कामगाराचं काम दिलं. काही वर्षांनी तेही सुटलं. शेवटी एका थिएटरच्या दारात उभा राहून तिकिटं फाडायचा. मेला तेव्हा मेहुण्याने पुरायला जागा दिली, वर दगड काही घातला नाही. ट्रॉयपासून अर्ध्या तासावर एका सिमेटरीत गवतात बुडालेला नंबराचा बिल्ला, एवढीच त्याची खूण.

हे सगळं तू जुन्या वर्तमानपत्रांतून, बोटीच्या प्रवाशांच्या याद्यांतून, इंग्लंडमधल्या कुणाकुणाला ईमेल करकरून गोळा केलंस. अकरा फिल्मा सापडल्या. सगळ्या मिळून लिंबरी पडद्यावर पाऊण तास असेल नसेल. त्या पाऊण तासाची तू एक्सेल शीट केलीस. कुठल्या फिल्ममध्ये, कितव्या मिनिटाला, कसा पडला. मी तुला वेडा म्हणायचे. तू म्हणायचास, "वेडाच आहे, चहा घे."

माझं लग्न मोडल्यापासून रविवारचं जेवण तुमच्याकडे. जेवण झालं की रजनी वर आडवी व्हायची आणि आपण चहा घेऊन बेसमेंटमध्ये. तुझी ती एक फिल्म आठवते? लिंबरीने अंगाला काजळी फासलीय, डोक्याला कसलंतरी फडकं गुंडाळलंय आणि तो साहेबाच्या घरातला हिंदुस्थानी नोकर झालाय. चोरी करतो, साहेब गोळी घालतो, खेळ खलास. मी कप ठेवला आणि उठले.

"बंद कर हे. आपल्या किती माणसांची नावं कुठल्या कागदावर नाहीत. त्यांना शोधायचं सोडून तू या गोऱ्याच्या मागे लागलायस? तोही आपलं सोंग घेणारा?"

"मलाही राग आलाय," तू म्हणालास. "पण आपल्या लोकांचं शोधायला तू आहेस ना. शोध की. मी अडवलंय?"

वर्मावर बोट ठेवायची तुझी ही सवय. मी आजवर काही शोधलेलं नव्हतं, ते तुला माहीत होतं. मी पर्स उचलून निघाले. जिन्यापर्यंत पोचले तेव्हा तू मागून अगदी वेगळ्या आवाजात म्हणालास, "सुजाता, जायच्या आधी एकदा बघ. गोळी लागल्यावर तो तोंडावर पडतो. पडताना माणूस दोन्ही हात पुढे करतो ना? त्याचा डावा हात येतच नाही."

मी फिजिओथेरपिस्ट. माणसं चालतात कशी आणि पडतात कशी, हे बघणं माझं पोट भरायचं काम. मी परत आले. तू तो तुकडा पाच-सहा वेळा फिरवलास. डावा हात खरंच येत नव्हता. तोवर सांभाळून पडणारा माणूस यावेळी सरळ तोंडावर आपटला होता. मग आपण फिल्मा ओळीने लावून बघितल्या. आधीच्या फिल्मांत दोन्ही हात चालताना हलतात. नंतरच्या फिल्मांत डावा हात कायम कशाला तरी धरून: हॅटला, दाराच्या मुठीला, खुर्चीच्या पाठीला. कारखान्याच्या फिल्ममध्ये तर तो खिशातच. डावा पाय किंचित फेकत चालतो. त्याला काय झालं होतं ते आता कोण सांगणार, पण काहीतरी वर्षानुवर्षं वाढत होतं आणि हा माणूस खुर्च्यांमागे उभं राहून ते लपवत काम करत होता.

त्या दिवशी आपलं भांडण अर्धंच राहिलं. पुढेही ते पुरं झालं नाही. मला अजूनही वाटतं की माझं बरोबर होतं. पण मी तुला त्या दुपारी शिकवत बसले, मिलिंद. बघ, हात असा लोंबतो. बघ, टाच आधी टेकायला हवी. हे सगळं मी शिकवलं आणि ते झाकायचं कसं, हे त्याने शिकवलं.

तू म्हणायचास, "वस्तू एकदम मोडत नाही गं. आधी सांगते. ऐकायला कुणी नसतं." ब्रेकबद्दल म्हणायचास. मी मान डोलवायचे.

सप्टेंबरमधला रविवार. तू चहाचा ट्रे घेऊन बेसमेंटचा जिना उतरत होतास, मी खाली सोफ्यावर. तुझ्या डाव्या पायातली स्लीपर वरून तिसऱ्या पायरीवर राहिली आणि तू खाली आलास. ट्रे ठेवलास, बसलास, रिमोट घेतलास. एक पाय उघडा आहे, हे तुझ्या गावीही नव्हतं. नागपूरला मेडिकलच्या ओपीडीत आम्ही पेशंटला हेच आधी विचारायचो, चप्पल पायातून निसटते का, आणि निसटली तर कळते का. मी उठून स्लीपर आणली आणि तुझ्या पायाशी ठेवली. "काय गं, लाजवतेस का?" म्हणालास. आणि ती पायात घालायला तुला पायाकडे बघावं लागलं.

मला कळलं. तरी मी चहा प्यायले. आपण फिल्म बघितली. घरी जाताना रजनीने मला डब्यात भाजी दिली, ती मी घेतली.

त्यानंतर मी तुझ्याकडे बघायला लागले आणि जे दिसायला लागलं ते थांबेना. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तू हॉलमध्ये बोलायला उभा राहिलास, डाव्या हाताने माईकचा स्टँड धरून. सगळे म्हणाले, मिलिंद आज काय रुबाबात उभा आहे. तो रुबाब मी बेसमेंटमध्ये पाहिला होता. प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायच्या पोटलकमध्ये तू प्लेट घेतलीच नाहीस, भूक नाही म्हणालास. कुणाच्या तरी बाळाला तुझ्याकडे देत होते तर हसत हसत मागे सरकलास. गर्दीत तू आणि मी, आपल्या दोघांनाच कळत होतं की काय चाललंय, आणि आपण एकमेकांची नजर चुकवत होतो.

नोव्हेंबरमध्ये आपण सिमेटरीत गेलो. लिंबरीला दगड घालायचा हे तू कधीच पक्कं केलं होतंस. दगडावर नाव आणि खाली एकच शब्द, नट. परवानगी आली, दगड तयार झाला. ऑफिसातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी तुला समजावून सांगितलं की आता बसवता येणार नाही, जमीन गोठायला लागली. थंडीत पाया भरला तर वसंतात जमीन हलते आणि दगड कलतो. एप्रिलमध्ये या. तू त्यांच्या टेबलाला टेकून उभा होतास आणि लहान मुलाचा हट्ट मोडल्यासारखं तोंड केलं होतंस.

परत येताना गाडी तू चालवत होतास. मी तुला चालवू दिली, हेही लिहून ठेवते.

"मिलिंद, तुझा डावा हात काम करत नाहीये."

"करतोय की. स्टिअरिंगवर आहे."

"ठेवलेला आहे. कधीपासून?"

तू इंडिकेटर दिलास, लेन बदललीस. "उन्हाळ्यापासून. कधी कधी. तुला कधी कळलं?"

"स्लीपर."

"वाटलंच मला." तू हसलास. मला तुला एक ठेवून द्यावीशी वाटली.

"उद्या डॉक्टरला फोन कर."

"करतो ना यार. पण आत्ता नको. कंपनीत माणसं कमी करतायत. डॉक्टरने एक ओळ लिहिली की मला टेस्ट ट्रॅकवर गाडी चालवता येणार नाही, आणि मग मी तिथे काय झाडू मारू? शिवाय जानेवारीत पोरीचं, मित्राचं बाळंतपण. रजनी तिच्याकडे रेडमंडला जाणार दीड महिना. तिला कळलं तर ती तिकीट कॅन्सल करेल. पोरगी तिथे एकटी पडेल, जावयाला तर चहासुद्धा येत नाही."

"मग कधी?"

"दगड बसू दे. एप्रिलमध्ये जमीन मऊ झाली की दगड बसतो, दुसऱ्या दिवशी डॉक्टर. शब्द देतो. तू फक्त रजनीला काही बोलू नकोस."

मी काय म्हणाले आठवतं? मी म्हणाले, "ठीक आहे." बाहेर बर्फ भुरभुरायला लागलं होतं आणि तू वायपर लावलेस.

आता माझा शहाणपणा ऐक. मी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं की हा पार्किन्सन आहे. हात हलत नाही, पाय ओढतो, वय साठीकडे. पार्किन्सनला पाच महिन्यांनी काय फरक पडतो? निदान करणं हे माझं काम नाही. एखाद्या पेशंटच्या बायकोने मला हे सांगितलं असतं तर मी तिला तिथल्या तिथे झापलं असतं. पण तू पेशंट नव्हतास, तू मिलिंद होतास, आणि तू शब्द मागितला होतास.

तुला नाही म्हणणं मला कधी जमलंच नाही, त्याचं कारणही सांगते, नाहीतर तुला वाटेल नुसती भांडायलाच बसलेय. नवरा घर सोडून गेला त्या आठवड्यात तू एक अक्षर न विचारता आलास, दाराचं कुलूप बदललंस, त्याच्या वस्तू खोक्यांत भरून गॅरेजमध्ये नेऊन ठेवल्यास आणि मला रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये घेऊन गेलास, बर्फात गाडी चालवायला शिकवायला. मी रडत गाडी चालवत होते. तू म्हणालास, "रड, पण ब्रेक दाबू नकोस. घसरायला लागली की आधी पाय उचल." त्या एका दुपारमुळे मी या देशात राहिले. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुला ते ऐकायला आवडलं नसतं, विषय बदलला असतास.

रजनी जानेवारीत रेडमंडला गेली. मित्राला मुलगी झाली. सहा आठवडे त्या घरात रविवारी तू, मी आणि लिंबरी. तू एका हाताने ड्राइव्हवेवरचं बर्फ ढकलायचास, फावड्याचा दांडा कमरेला टेकवून, आणि मला हात लावू द्यायचा नाहीस. फिल्म लागली की तू बोलणं बंद करायचास. पूर्वी कसा सारखा थांबवून थांबवून दाखवायचास, आता नुसता बघत बसायचास. एकदा म्हणालास, "तो घाबरला असेल का गं?" मी म्हणाले, "तू घाबरलायस का?" तू म्हणालास, "मी त्याचं विचारतोय."

आणि मी त्या काळात तुला व्यायाम दिले. टॉवेल पिळायचा, रबरी बॉल दाबायचा, टेबलावर बोटं चालवायची. तू मन लावून करायचास. तुझ्या डोक्यात गाठ वाढत होती आणि मी तुझ्याकडून टॉवेल पिळून घेत होते. रोज सकाळी अंघोळीचा टॉवेल हातात घेते तेव्हा मला हे आठवतं.

फेब्रुवारीच्या शेवटी रजनी परत आली. मार्चमध्ये एका मंगळवारी सकाळी तू किचनमध्ये पोहे खाताना खाली पडलास. फिटचा झटका आला. अॅम्ब्युलन्स, स्कॅन, ऑपरेशन, आणि पाचव्या दिवशी तू गेलास. मित्रा बाळाला घेऊन आली होती. ती मला पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मावशी, बट ही सेड ही वॉज फाइन." ऑपरेशन करणारा डॉक्टर तिच्यापेक्षा फार मोठा नसेल. त्याने फार सभ्यपणे समजावलं की गाठ कॅन्सरची नव्हती. अशी गाठ हळूहळू वाढते, वर्षानुवर्षं. लवकर सापडली तर बऱ्याचदा काढता येते. मग त्याने विचारलं, "घरात कुणाला काही जाणवलं होतं का? हातात, पायात अशक्तपणा?"

रजनीने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. ती म्हणाली, "नाही."

ती माझ्याकडे का बघते, ते मला पक्कं ठाऊक होतं. घरात शिकलेली, यातली जाणकार मीच. तुला कसं दिसलं नाही, असं ती विचारतेय. त्या नजरेने मी गेले तीन आठवडे जेवलेले नाही धड. मी तुझा शब्द पाळला, मिलिंद. पण एप्रिलमध्ये जातो असं तूही म्हणाला होतास.

काल सिमेटरीतून फोन आला. जमीन मऊ झालीय, शनिवारी दगड बसवतो, मिस्टर मिलिंद येणार ना? मी म्हणाले, त्यांची मिसेस येईल. फोन ठेवला आणि मग रडले, तू गेल्यापासून पहिल्यांदा.

वरचं लिहिलं त्याला आता पाच दिवस झाले. काल शनिवार झाला.

रजनी गाडीत शेजारी बसली होती. मांडीवर पिवळ्या फुलांचा गुच्छ होता. मी हॉटेलातल्या वेटरसारखी सारखी विचारत होते, हीटर लावू का, पाणी हवं का. तिथे पोचलो तर दोन माणसं आणि एक छोटी क्रेन हजर. पाया आधीच भरून ठेवला होता. ते ऑफिसातले गृहस्थही आले, त्यांनी टोपी काढून रजनीचा हात हातात घेतला. दगड बसायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. साधा करडा दगड, गुडघ्याएवढा. आर्थर लिंबरी, नट. तुझ्या सांगण्याप्रमाणे दुसरं काही नाही. रजनीने फुलं ठेवली, हात जोडले. माणसं क्रेन घेऊन निघून गेली आणि आम्ही दोघीच राहिलो.

मी म्हणाले, "रजनी, मला तुला एक सांगायचंय. सांगून झालं की मला काय बोलायचं ते बोल." आणि मी सांगितलं. स्लीपर सांगितली, माईकचा स्टँड सांगितला, गाडीतलं बोलणं सांगितलं, टॉवेलसुद्धा सांगितला. ती दगडाकडे बघत ऐकत होती. झालं तेव्हा मी थांबले आणि तिने मला हाकलून द्यायची वाट बघत उभी राहिले.

"सप्टेंबर?" ती म्हणाली. "मला ऑगस्टमध्येच कळलं होतं. शर्टाची बटणं लावता येईनात त्याला. टी-शर्ट घालायला लागला."

मला आधी अर्थच लागेना.

"मी मागेच लागले, तर मला म्हणाला, लिंबरीचा दगड बसला की दुसऱ्या दिवशी जातो. शब्द दिला मला. आणि म्हणाला, सुजाताला बोलू नकोस, ती उगाच घाबरवून सोडेल." रजनीने पदराने नाक पुसलं. "मी रेडमंडला जाणारच नव्हते गं. मित्राला फोनवर सांगूनही झालं होतं, येत नाही म्हणून. मग मीच विचार केला. सुजाता यातली आहे. दर रविवारी येते, समोर बसून त्याच्याकडे बघते. ती काही बोलत नाही म्हणजे काळजीचं काही नसणार. तुझ्याकडे बघून मी विमानात बसले."

मिलिंद, एक गोष्ट मात्र मी तिला सांगितली नाही. तिला ते ऐकवेल असं मला वाटलं नाही, म्हणून तुलाच सांगते. त्या सहा आठवड्यांत दर रविवारी तुझ्या दारातून निघाले की मी गाडीत बसून फोन हातात घ्यायचे, रजनीचा नंबर काढायचे. आणि दर रविवारी मी स्वतःला हेच समजावत होते की बायको नवऱ्याला एकटं सोडून दीड महिना लेकीकडे राहिलीय, ती त्याला रोज बघणारी, तिला काही वाटलेलं नाही, म्हणजे फार काही नसेल. मग मी फोन पर्समध्ये ठेवायचे आणि गाडी सुरू करायचे.